पी.टी.च्या तासाला काय वाटतं, हे मुलांनाच विचारा

शारीरिक शिक्षणाच्या तासाबद्दल मुलांच्या भावना मोजाव्यात, असं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. भावना का कधी मोजता येतात? आणि मैदानात घाम गाळायचा की मुलांचे लाड पुरवायचे? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

आज आपण काय मोजतो? खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत चौथीपासून पुढे ५० आणि ६०० मीटर धावणं, बसून पुढे वाकणं, जोर, पोटाचा व्यायाम आणि बीएमआय. हे उपयोगाचंच आहे. पण वजन घेताना एकदा जवळ उभं राहून पाहावं. सगळा वर्ग रांगेत. मूल काट्यावर चढतं, सर आकडा मोठ्याने सांगतात, मॉनिटर वहीत लिहितो, मागून कुणीतरी फिसकन हसतं. पुढच्या तासाला त्या मुलाचं पोट दुखू लागतं. बीएमआयचा रकाना भरला. ते मैदानावर का येईनासं झालं, याची नोंद कुठेच नाही.

वर्णनात्मक नोंदी आहेत की, असं कुणी म्हणेल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तशी सोय आहे खरी. पण ‘खेळात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य तयार यादीतून उतरवलं जातं, हे शिक्षकांना ठाऊक आहे. दोष त्यांचा नाही. एका तासात भरलेल्या वर्गातला प्रत्येक चेहरा कोण वाचणार? शिवाय ओशाळलेलं मूल पुष्कळदा हसतच असतं.

भावना मोजपट्टीने मोजता येत नाहीत, हे मान्य. पण नीट विचारलं तर मुलं सांगतात, आणि ते सांगणं ताडून पाहता येतं. राइनहार्ड पेकरुन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, समोरचं काम आपल्या हातातलं आहे असं मुलाला वाटतं का आणि त्याला त्या कामाची किंमत वाटते का, यांवर त्याची भावना ठरते. त्याच वाटेने स्पेनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये शारीरिक शिक्षणासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात आनंद, अभिमान, राग, चिंता, हताशपणा आणि कंटाळा वेगवेगळे विचारलेले आहेत. खरं काम या वेगळेपणातच आहे. कंटाळलेल्या मुलाला अवघड खेळ हवा. घाबरलेल्याला लहान गट आणि सोपी सुरुवात हवी. ‘तास आवडतो का?’ एवढंच विचारलं तर दोघंही ‘हो सर’ म्हणतील.

आता लाडांचा मुद्दा. अमेरिकेत हजाराहून अधिक प्रौढांना शाळेतल्या या तासाच्या आठवणी विचारल्या गेल्या; तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना तो तास नकोसा वाटे, ते आज जास्त वेळ बसून काढतात, असं त्यात दिसलं. संबंध फार घट्ट नव्हता आणि आठवणींवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरी आयुष्यभर व्यायाम करणारी माणसं घडवायची, हेच या विषयाचं उद्दिष्ट असेल, तर मूल मैदानाकडे ओढलं जातंय की दूर पळतंय, हे कळायलाच हवं. शिस्त आणि घाम मलाही हवा आहे. चारचौघांत झालेल्या अपमानाने मूल कणखर होतं, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

एका धोक्यापुरता मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. या उत्तरांना गुण दिले, प्रगतिपुस्तकात आनंदाची श्रेणी आली, किंवा शाळांची क्रमवारी लागली, तर मुलं दुसऱ्याच दिवशी खोटं लिहायला शिकतील. म्हणून कागदावर नाव नको, वर्गशिक्षकाची सही नको. घडी घालून पेटीत टाकायचा आणि पी.टी.च्या सरांनी किंवा बाईंनीच वाचायचा. त्यातून तपासायचा तो तास, मूल नव्हे. कबड्डीला कॅप्टन गडी निवडतात तेव्हा शेवटी उरण्याची भीती वाटते, असं चार कागदांवर निघालं, तर त्याच आठवड्यापासून संघ सरांनी पाडावेत. आणि वजनकाटा, कागद वाटण्याची वाट न पाहता, उद्याच वेगळ्या खोलीत न्यावा.