स्क्रिप्ट चालवा, पण नियम आम्हालाही कळू द्या!

'टीम्स'मध्ये आपल्याला मीटिंग लावता येते की नाही, रेकॉर्डिंग करता येतं की नाही, हे ठरवते मीटिंग पॉलिसी. हजारो विद्यार्थ्यांना ती एकेक नाव शोधून कोण लावत बसणार? म्हणून अ‍ॅडमिन पॉवरशेलची स्क्रिप्ट लिहितो. सीएसव्ही फाइलमध्ये यादी, चार ओळींचा लूप, की काम फत्ते! एकगठ्ठा पद्धतीने तर एका वेळी ५,००० जणांना पॉलिसी लावता येते.

सोय उत्तमच आहे. प्रश्न पुढेच येतो.

पॉलिसी तीन ठिकाणी लागते: सगळ्या संस्थेला, एखाद्या ग्रुपला, किंवा थेट एकाच्या खात्याला. तिन्ही वेगवेगळ्या असल्या तर थेट खात्याची चालते. ती नसेल तर ग्रुपची, आणि तीही नसेल तर संस्थेची.

आता समजा, फर्स्ट इयरला गोंधळ नको म्हणून 'मीटिंग लावणं बंद' ही पॉलिसी स्क्रिप्टने थेट खात्यांवर लावली. पोरं बी.ई.ला गेली, ग्रुप बदलला, नव्या ग्रुपला मोकळीकही मिळाली. पण खात्याला चिकटलेली जुनी पॉलिसी तशीच! प्रोजेक्टची मीटिंग लावताना याचंच अडतं आणि रूम पार्टनरचं मात्र चालतं. का? तर तो डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला, फर्स्ट इयरच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. बिचाऱ्याला वाटतं, आपला लॅपटॉपच बिघडला!

२०२० साली ऑनलाइन तासांना अनोळखी लोक घुसत होते, तेव्हा कडक नियम लागले, हे मान्य. पण कडक नियम वेगळा आणि विसरलेला नियम वेगळा.

माझं म्हणणं एवढंच. वर्षाप्रमाणे बदलणारी पॉलिसी ग्रुपलाच लावावी. म्हणजे पोरगं पुढच्या वर्गात गेलं की पॉलिसी आपोआप बदलते. थेट खात्यावर फक्त अपवाद ठेवावा, आणि तो का व कधीपर्यंत, याची नोंद ठेवावी. तो काढणं काही अवघड नाही. त्याच कमांडमध्ये पॉलिसीच्या नावाजागी 'नल' दिलं की झालं. दर जूनमध्ये अशा खात्यांची यादी काढायला एक छोटी स्क्रिप्ट पुरते.

आणि हो, कुठल्या वर्षाला काय बंद आहे, हे नोटीस बोर्डावर लावा. हॉस्टेलच्या मेसची वेळ लागते, तर ही का नको?