मुखवटा, टोपणनाव आणि पिनकोड

गेल्या गणेशोत्सवात सावेडीतल्या आमच्या गल्लीत, मंडपामागे चार-पाच मुले कोंडाळे करून उभी होती. एक जण तोंडाने ताल धरत होता आणि दुसरा त्या तालावर मराठीत भराभर काही बोलत होता. त्यांत माझा नातूही होता. त्याची वही मी नंतर त्याच्याच परवानगीने चाळली. प्रत्येक गाण्यासमोरच्या पानावर पेन्सिलीने एक मुखवटेधारी वीर काढलेला. गाण्याच्या वहीत हे कशाला, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आजोबा, तो मीच आहे."

रॅप आणि कॉमिक्स यांचे हे नाते जुने आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने तबकड्या वाजवून मेजवानी रंगवली; हिपहॉपचा जन्म तिथला मानतात. १९७९ मध्ये गाजलेल्या 'रॅपर्स डिलाइट' या पहिल्या मोठ्या गाण्यातच सुपरमॅनची टिंगल आहे. 'रन-डीएमसी'मधला डॅरिल मॅक्डॅनियल्स लहानपणी कॉमिक्सवेडा होता. त्याने २०१४ मध्ये स्वतःची कॉमिक्स कंपनीच काढली. घोस्टफेस किलाने १९९६ च्या आपल्या अल्बमला 'आयर्नमॅन' हे नाव दिले.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट डॅनियल ड्युमिलेची. १९९३ मध्ये त्याचा भाऊ आणि साथीदार अपघातात गेला, आणि दोघांचा तयार अल्बम कंपनीने बाजारात आणलाच नाही. काही वर्षांनी तो परतला तो धातूचा मुखवटा घालून, एमएफ डूम या नावाने. त्याने निवडलेला डॉक्टर डूम हा कॉमिक्समधला नायक नव्हे, खलनायक! ज्याला जगाने दार लावून घेतले, त्याला खलनायकाचा चेहरा जवळचा वाटला असावा, असे मला वाटते.

इथे माझ्यातला बँक अधिकारी मधे येतो. कर्जाच्या अर्जावरचा पत्ता वाचूनच कपाळाला आठी घालणारे अधिकारी मी पाहिले आहेत. काही वेळा ती आठी माझ्याही कपाळावर होती. अमुक वस्तीतला पोरगा म्हटला की कागदपत्रे दुप्पट मागायची, हा अलिखित नियम. पण सत्तरीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भिंतींवर 'टाकी १८३' असे लिहीत सुटलेल्या मुलाने आपल्या रस्त्याचा क्रमांकच नावाला जोडला होता. आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझी या रॅपरवर २०१४ मध्ये निघालेल्या माहितीपटाचे नाव 'बॉम्बे ७०'. म्हणजे पिनकोडचे शेवटचे आकडे. ज्या पत्त्यापायी अर्ज बाजूला पडतो, तोच पत्ता बिल्ला म्हणून छातीवर लावायचा.

नावाचेही तसेच. 'स्वदेशी' या मुंबईच्या गटातला मराठी रॅपर स्वतःला एमसी मवाली म्हणवतो. शिवीच पांघरली की समोरच्याच्या हाती काय उरते? याच गटाने आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले.

आपल्या शाहिरांना यात नवल वाटले नसते. श्रीधर कुलकर्णी घरदार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. बार्शीचे मेहबूब पटेल अमर शेख झाले. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्ररात्र सवाल-जबाब चालत. आजची मुले त्यालाच 'बॅटल' म्हणतात. आणि चित्रांचे म्हणाल, तर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी पाहावी. ठाकर समाजातले कलाकार रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून पुढे धरतात आणि गात गात कथा सांगतात. कॉमिक्स आणि गाणे तिथे कधी वेगळे झालेच नाहीत. ही कला जगवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, हे बरे झाले.

आमच्या पिढीचे कॉमिक्स म्हणजे 'इंद्रजाल'. १९६४ पासून १९९० पर्यंत ते निघत असे. वेताळाचे अंक आम्ही अक्षरशः फाटेपर्यंत वाचले. जंगलातल्या काळ्या माणसांचे रक्षण करायला गोरा माणूसच का लागतो, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो पडला 'भीमायन' हाती आल्यावर. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र २०११ मध्ये चित्रांतून मांडले. त्यात मायेची वाक्ये पक्ष्याच्या आकारात येतात आणि विखारी बोलांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ती नांगी कळते.

या मुलांचे सगळेच मला रुचते असे नाही. बायकांविषयी त्यातले काही रॅपर जे बोलतात ते ऐकवत नाही, आणि कमरेखालचा शब्द म्हणजे बंडखोरी हा गैरसमज तमाशालाही भोवला होता. शिवाय पैसा! २०१५ मध्ये मार्व्हलने गाजलेल्या रॅप अल्बमांच्या धर्तीवर मुखपृष्ठे काढली, तेव्हा तुमच्याकडे कृष्णवर्णीय लेखक-चित्रकार किती, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न रास्तच होता. मुखवटा विकणारा एक आणि घालणारा दुसरा, हा व्यवहार मला कधीच स्वच्छ वाटलेला नाही.

नातवाचे सध्याचे गाणे नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आहे. शेजारच्या चित्रात त्याच्या वीराचा झगा चिखलाने भरला आहे. वीराचे नाव अजून ठरायचे आहे. 'खड्डा' या शब्दाला मी एक यमक सुचवले. त्याने ते वहीत उतरवून घेतले, दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि खोडून टाकले.