फी भरण्याआधी विचारा

बारावीचा निकाल लागला की आपल्या गावात एकच प्रश्न, 'मेडिकलला नंबर लागला का?' नाही म्हटलं की, 'मग आता काय, बीएस्सीच ना?' मधली वाट कुणाला दिसतच नाही.

पक्षाघात झालेल्या आजींना पुन्हा चालायला शिकवते ती फिजिओथेरपिस्ट. अडखळणाऱ्या लेकराला बोलतं करते ती वाचा-उपचारतज्ज्ञ. रक्त तपासणारी, एक्स-रे काढणारी, डायलिसिसचं मशीन सांभाळणारी... या नसतील तर एकटे डॉक्टर काय करणार? १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची फिजिओथेरपीची पदवी आहे. तिच्या प्रवेशासाठी 'नीट' द्यावी लागते. ही काही दुय्यम वाट नव्हे.

मला काळजी वाटते ती 'सहा महिन्यांत पॅरामेडिकल, नोकरी हमखास' अशा पाट्यांची. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार या क्षेत्रातल्या पात्रतेसाठी किमान २००० तासांचं शिक्षण लागतं आणि तेही दोन वर्षांहून कमी नाही. सहा महिन्यांत ते बसणार कसं? आईच्या पाटल्या गहाण पडतात आणि हाती येतो नुसता कागद.

म्हणून आधी विचारा. संलग्नता कुणाची, ते लेखी मागा. विद्यापीठाचं नाव सांगितलं तर त्याच्या यादीत कॉलेज शोधा. प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार, तेही विचारा. उत्तराची टाळाटाळ झाली की सरळ उठून या. त्यात लाजायचं काय? पैसा आपला आहे आणि वर्षं लेकीची!