तबलजीची जागा

मैफलीत तबलजी बहुधा गायकाच्या उजवीकडे, पेटीवाला डावीकडे, तंबोरे मागे. समोरच्या श्रोत्याला साहजिकच तबला डावीकडून ऐकू येतो. ब्लमलाइन यांनी १९३१ साली पेटंटासाठी मांडलेली स्टीरिओची पद्धत दोन स्पीकरांतील आवाजाच्या सूक्ष्म फरकावर हीच बैठक घरात उभी करू शकते. असे असता कित्येक ध्वनिमुद्रणांत तबला एका टोकाला, डग्गा दुसऱ्या टोकाला! तबलजीचे हात काय भिंतीएवढे असतात? पनवेलजवळ कोन येथील ज्या लहान घरांची गिरणी कामगारांसाठी २०१६ साली सोडत निघाली, तेथे मुळात स्पीकर मनाजोगे ठेवायला जागा कुठली? त्यात ही ओढाताण. भजनी मंडळांचे गिरणगाव दुरावलेल्या कुटुंबाला उरते ती हीच बैठक. ती मोडण्याचा अधिकार ध्वनिमुद्रकाला कोणी दिला?