आधी रिपोर्टवरची तारीख वाचा

माझा मुलगा फेब्रुवारी २०२३ मध्ये जन्मला. दोन्ही पावलं आत वळलेली. बारशाला आलेल्या बायकांनी दुपटं सारून पाय पाहिले आणि मला विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही. तो पेढे वाटत होता.

हो, चिरलं होतं. २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण. मी दोडका चिरला, कारण घरातल्या सहा माणसांना रात्री जेवायचं होतं. पण पाय वळलेले सोनोग्राफीत दिसले होते सप्टेंबरात, विसाव्या आठवड्यात! पावलं घडतात पहिल्या तीन महिन्यांत. ऑक्टोबरातली सुरी ती कशी वळवणार? तो रिपोर्ट मी सासूबाईंना दाखवला, नणंदेला दाखवला, खालच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवला. तिघींनी तारीख वाचली आणि म्हणाल्या, "तरी पण पाळावं." या 'तरी पण'ला काय उत्तर द्यायचं? हजारात एक-दोन बाळांना असा वळलेला पाय, म्हणजे क्लबफूट, असतो, मुलग्यांना मुलींच्या दुप्पट. बहुतेक वेळा नेमकं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. कारण सापडत नाही, आई मात्र समोरच सापडते, म्हणून तिलाच धरायचं.

उपचार आहे, आणि चांगला आहे. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत शोधलेली ही पद्धत. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं सरळ करायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं. मग बहुतेक बाळांची टाचेमागची शीर छोटा छेद देऊन सैल करतात, वर आणखी तीन आठवडे प्लास्टर. त्यानंतर दांड्याला जोडलेले बूट: पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री.

हे वाचायला दोन मिनिटं लागतात. प्लास्टरच्या आदल्या रात्री मी कोमट पाण्याच्या टबात बाळाचे पाय धरून तास-तास बसायचे. प्लास्टर भिजून त्याचा पांढरा चिखल व्हायचा, पट्टीचं टोक नखाने शोधून वेटोळी सोडवायची. सकाळी अप्पर डेपोची बस, स्वारगेटला दुसरी, रांग, केसपेपर, आणि परत येईतो दुपारचे तीन. मी मार्केट यार्डात एका गाळ्यावर हिशेब लिहायचे. बाळंतपणाची रजा संपल्यावर चौथ्या फेरीला मालक म्हणाले, "ताई, तुम्ही आधी घरचं बघा." पाळणाघराच्या बाईंनी बुटांचा दांडा पाहिला आणि दुपारी झोपवायची जबाबदारी घेणार नाही म्हणाल्या. नोकरी गेली.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून हे व्यंग आहे. तपासणी मोफत, उपचार मोफत. माझे बुडालेले दिवस कोणत्या रकान्यात लिहायचे? केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते. जन्मजात आजाराचं मूल असलेल्या हिमाचलातल्या एका प्राध्यापिकेला अशी रजा नाकारली, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याला खडसावलं. मला त्या बाईंचा अभिमान वाटतो. पण आमच्या अप्पर इंदिरानगरात धुणी-भांडी करणारी, यार्डात मिरची निवडणारी बाई कुणाच्या हजेरीपटावर आहे, की तिने रजा मागावी? तिचा खाडा म्हणजे तिची चूल बंद. पैशाअभावी तिने प्लास्टरची एक तारीख चुकवली की फायलीवर शेरा पडतो 'आईचा निष्काळजीपणा', आणि तो वाचून पुढची नर्स तिला पोरासारखं झापते.

सगळ्यांत जास्त चीड मला कौतुकाची येते. "देव अशी मुलं खास आयांच्याच पदरात घालतो." तुम्ही हे म्हणता आणि चहा पिऊन निघून जाता. मला थोर व्हायचं नव्हतं, मला मंगळवारी दुपारी दोन तास कुणीतरी मूल धरायला हवं होतं. थोर म्हटलं की मदत मागायची सोय राहत नाही.

बूट घालायला शिकवलं तेव्हा नवरा शेजारी उभा होता. शिकवणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आई, इकडे लक्ष द्या. टाच खाली बसली का, मागच्या भोकातून बघायचं." दीड वर्ष रोज रात्री मीच त्या भोकातून पाहिलं. मग मला डेंग्यू झाला. त्या आठवड्यात नवऱ्याने बूट घातले. टाच दोन बोटं वर, पट्टे सैल. तो वाईट माणूस नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं, हे मी त्याला तापातच ऐकवलं. रडत, ओरडत, सगळी चाळ ऐकेल असं. दुसऱ्या दिवशी बाहुलीसारखं पोराला पुढ्यात बसवून त्याच्याकडून दहा वेळा घालून घेतले.

मागच्या तपासणीला आतून हाक आली, "क्लबफूटवाल्या बाळाची आई कोण?" फाइल नवऱ्याच्या मांडीवर होती. मी बाकावरून उठले नाही.