कोंकरांस हिरवा घास कीं आंबोण?

मेंढीपालनाकडे नव्यानें वळलेल्या बागायतदार बंधूंत हल्लीं दोन पक्ष दिसतात. एक पक्ष कोंकरांपुढें लसूणघासाचे भारे टाकून निश्चिंत होतो. दुसरा पिशवीबंद खाद्यावर विसंबून घासाची पाटी उचलीतच नाहीं. आमच्या मतें दोघेही आपलें नुकसान करून घेत आहेत.

ताज्या लसूणघासांत शेंकडा ८० च्या आसपास पाणीच असतें. पंधरा किलो वजनाच्या वाढत्या कोंकरास दिवसाला सुमारें ६०० ग्रॅम शुष्कांश लागतो. तो केवळ घासांतून मिळवावयाचा तर तीन किलो घास त्या लहानशा कोठ्यांत मावला पाहिजे. तो मावत नाहीं, आणि पोट भरलेलें दिसूनही कोंकरूं अर्धपोटीं राहतें. म्हणून दीड किलो घास, पाव किलो आंबोण आणि वर मूठ-दोन मुठी हरभऱ्याचें किंवा तुरीचें भूस, असा मेळ घालावा.

येथें हिशेबाची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. लसूणघासाच्या शुष्कांशांत शेंकडा १८ च्या सुमारास प्रथिनें असतात. म्हणजे दीड किलो घासाबरोबर ५० ग्रॅमांहून अधिक प्रथिनें घरच्या शेतांतूनच आलीं. असें असतां आंबोणांत महागडी भुईमुगाची पेंड सढळ हातानें कां घालावी? घास आहे तोंवर मक्याचा भरडा वाढवावा व पेंड निम्म्यावर आणावी; नुसता कडबा उरला कीं पेंड पुन्हां वाढवावी. पिशवीवर छापलेल्या प्रमाणास आपल्या शेतांत काय उगवतें हें ठाऊक नसतें!

घासाचा आणखी एक उपयोग आहे. धान्यांत व कोंड्यांत स्फुरद अधिक, चुना अल्प. त्यांवरच पोसलेल्या नर कोंकरांस मुतखडा होऊन लघवी तुंबते. घासांतील चुना ही उणीव पुष्कळशी भरून काढतो. मात्र गाईम्हशींचें क्षारमिश्रण मेंढ्यांस देऊं नये. त्यांतील तांबें त्यांस बाधतें.

आंबोण वाढवितांना घाई नको. आम्हींच एकदां भरड्याचें घमेलें रात्रीं उघडें ठेविलें, आणि सकाळीं कळपांतील दोन उत्तम कोंकरें मेलेलीं पाहिलीं. आंत्रविषाराची लस वेळेवर टोंचून घ्यावी, तरीही खुराक आठ-दहा दिवसांत थोडाथोडा चढवावा. घासही दंवानें ओला असतांना उपाशीं पोटीं घालूं नये, पोट फुगतें. आधीं भूस द्यावें, आणि घास सकाळीं कापून दुपारीं सुकल्यावर घालावा.