नवे टायर घेण्याआधी वजनकाट्यावर

मागच्या वैशाखातली गोष्ट. रात्री पावणेआठला दिरांचा फोन आला. "वहिनी, मागचा टायर फुटलाय. बंडीपूरच्या आत आहोत. दादाचा फोन लागत नाहीये." एवढं बोलणं झालं आणि रेंज गेली.

म्हैसूरकरांना याचा अर्थ सांगायला नको, बाकीच्या वाचकांसाठी सांगते. गुडलूरहून म्हैसूरला येणारा रस्ता बंडीपूरच्या जंगलातून येतो आणि २००९पासून तो रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. एरवीही त्या रस्त्यावर गाडी थांबवायला मनाई आहे, कारण हत्ती केव्हा कुठून रस्त्यावर येतील याचा नेम नाही. आमचा धंदा मंडप आणि रोषणाईचा. गुडलूरचं लग्न उरकून दीर आणि दोन कामगार परत येत होते. पिकअपच्या हौद्यात केबलची भेंडोळी, लोखंडी पाइप, दिव्यांच्या पेट्या आणि मागे हुकला जोडलेली जनरेटरची ट्रॉली, ती एकटीच टनाच्या वर. एवढं सगळं अंधारात एका बाजूला कलंडलेलं.

वन खात्याची एक जीप देवासारखी आली. ती दिवे लावून शेजारी उभी राहिली आणि पोरांनी स्टेपनी चढवली. स्टेपनीही गोटा झालेली, पण फाटक बंद व्हायच्या आत ते बाहेर पडले. घरी पोचायला साडेअकरा वाजले. मी तोवर देवाजवळ बसून होते, हे इथे कबूल करते. एरवी मी त्यातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात वाद. आमचे हे म्हणाले, "वैशाखाचं ऊन, टायर तापला, फुटला. चारी टायर बदलू आणि विषय संपवू." धंद्याचा हिशोब मी ठेवते, म्हणून माझा पहिला प्रश्न होता की हे टायर तर दिसायला बरे होते, नक्षी शिल्लक होती, मग फुटला कसा? ते कळल्याशिवाय पुन्हा तेच घ्यायचे?

आमच्या नशिबाने शेजारी एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी केआरएस रोडच्या टायर कारखान्यात गेली. विक्रांत टायर्स १९९७ साली जेके कंपनीने घेतली, तरी आमच्या भागात अजून सगळे त्याला 'विक्रांत'च म्हणतात. काका चहाला आले, फुटलेल्या टायरजवळ उकिडवे बसले, अंगठ्याने धूळ पुसली आणि म्हणाले, "वहिनी, हा टायर गाडीचा नाहीच. म्हणजे बसतो गाडीला, पण आहे कारचा."

गाडी आम्ही जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने टायर बदलले होते, नवेच दिसत होते, आम्ही खूश होतो. मापही बरोबर होतं, २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, आतली रिम १५ इंचाची, आणि आर म्हणजे रेडियल. माप जुळलं की टायर जुळला असं मीही समजत होते. पण मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो आणि सगळी गोम तिथे आहे. आमच्या टायरवर होतं १०० एस. त्याच मापाच्या, आठ पीआर लिहिलेल्या एलटी टायरवर, म्हणजे हलक्या मालगाडीच्या टायरवर, असतं १०६/१०३.

हा आकडा किलो नव्हे, हा ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतो. १०६ म्हणजे ९५०. (१०३ हा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी, आपल्याला नको.) अक्षर वेगाचं असतं, पण ट्रॉली ओढणाऱ्याला त्याची काळजी नको, आपण कुठे शर्यतीत धावतोय! आणि आठ पीआर म्हणजे आठ थर असंही नाही. पूर्वी सुती कापडाचे थर मोजत, आता तो फक्त ताकदीचा दर्जा राहिलाय. दुकानदार "आठ थरांचा आहे, ताई" म्हणाला तर हसून सोडून द्या.

"आता मला सांगा," काका म्हणाले, "तुमच्या मागच्या चाकांवर वजन किती येतं?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत कुणी मोजलंच नव्हतं. हौद्यात मावतं ते भरायचं आणि निघायचं, एवढाच आमचा हिशोब.

म्हणून टायरच्या दुकानात जाण्याआधी आम्ही गेलो वजनकाट्यावर. नेहमीच्या लग्नाच्या कामाइतकं सामान भरलं, ट्रॉली जोडली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, आकडा आला ८९० किलो. मग गाडी पुढे घेऊन मागची चाकंही काट्यावर, ट्रॉलीची चाकं मात्र अजून बाहेर. आता आले २,५३०. वजाबाकी केली, मागच्या दोन चाकांवर १,६४० किलो.

८०० दुणे १,६००. आम्ही चाळीस किलोने वर होतो, तेही सामान दोन्ही बाजूंना अगदी सारखं असेल तर. जनरेटरच्या ट्रॉलीचा दांडा हुकावर दाब देतो आणि हुक असतो मागच्या चाकांच्याही मागे. त्यामुळे पुढची चाकं किंचित उचलली जातात आणि मागच्या चाकांवर हुकावरच्या वजनाहूनही थोडं जास्तच येतं. सी-सॉवर मागे टोकाला बसलेल्या मुलासारखं. हौद्यातलं सामान आम्ही डोळ्यांनी बघत होतो, हा दाब कधी दिसला नव्हता.

आणि हवा. ही आमची खरी चूक, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही. उन्हाळ्यात टायर तापतो, हवा फुगते, म्हणून वैशाखात हवा थोडी कमीच ठेवायची, हे यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. काकांनी कपाळाला हात लावला. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच आतून तापते. म्हणजे ज्या भीतीने आम्ही हवा कमी ठेवली, तेच घडवून आणलं. शिवाय टायरवर जे वजन लिहिलेलं असतं ते पूर्ण हवेवर. हवा उतरली की ते ८०० सुद्धा ८०० राहत नाहीत. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासायची. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगवेगळे असतात, माल भरणार असू तर भरलेल्याचा धरायचा. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडायची नाही.

दुकानात मग तीन गोष्टी पुढे आल्या. एक, कारचेच टायर, स्वस्त आणि "सगळे हेच घालतात". दोन, रिमोल्ड, सर्वांत स्वस्त. तीन, एलटीचे आठ पीआरवाले, एका टायरमागे दीड हजाराने महाग. पाच घ्यायचे तर साडेसात हजारांचा फरक, तोही जूनमध्ये, मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर असताना. माझा हात पर्समध्ये अडखळला, खोटं कशाला सांगू? दीर एरवी पैशाच्या गोष्टीत बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वहिनी, त्या रात्री गाडीत मी होतो." पाचही टायर एलटीचे घेतले, स्टेपनीसकट. फीचा दुसरा हप्ता दसऱ्याच्या कामांवर ढकलला.

रिमोल्ड वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, मोठ्या ट्रकवाल्यांचा संसार त्यावर चालतो. पण वजन ओढणाऱ्या छोट्या गाडीला, आणि पुढच्या चाकांना तर नाहीच, असं काकांचं मत होतं आणि मला ते पटलं. यांना जाड बटणांची नक्षी हवी होती, रुबाबदार दिसते म्हणून. डांबरी रस्त्यावर ती आवाज करते आणि तापतेही जास्त. आमच्या गाडीला शेतात कधी जायचंय? सरळ रेघांची घेतली. आणि एक बारकावा, तो मात्र मीच शोधला. बिल करण्याआधी टायरच्या बाजूला लंबगोलात कोरलेले शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचातला एक टायर बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी जुना निघाला. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिला.

टायर भक्कम झाले म्हणून गाडी भक्कम झाली असं मात्र नाही. ब्रेक तेच, पाटे तेच, ओढायच्या वजनाची मर्यादा पुस्तिकेत लिहिली आहे तीच. एलटी घातल्यावर हे लगेच म्हणाले, "आता आणखी दोन पेट्या बसतील." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

सगळं झाल्यावर काका गाडीभोवती एक फेरी मारून गेले आणि मागे ट्रॉलीपाशी थांबले. ट्रॉलीकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. तिची नक्षी अगदी नव्यासारखी, कारण ती वर्षातले सात-आठ महिने गोदामात उभीच असते. काकांनी टॉर्च मारला. बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आणि लंबगोलात १८१४, म्हणजे २०१४ सालचा अठरावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे वापरू नका, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात.

"हे दोन पण?" हे म्हणाले.

मी हिशोबाची वही उघडली आणि फीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली.